चावी घरात, तरी गाडी गायब: रात्री चावी ठेवायची कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शेजाऱ्यांची पुश स्टार्टची, म्हणजे चावी न खोचता बटण दाबून चालू होणारी गाडी रात्री दारासमोरून गेली. काच फुटलेली नाही, अलार्म वाजला नाही आणि दोन्ही चाव्या सकाळी घरात जागच्या जागी. विचारणाऱ्याची गाडीही त्याच प्रकारची आहे. मग रात्री चावी ठेवायची कुठे? स्टीलच्या डब्यात, फ्रीजमध्ये, मायक्रोवेव्हमध्ये, की सरळ उशीखाली?

गाड्यांची लॉक, चाव्या आणि इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) हेच माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न या ना त्या रूपात सारखा समोर येतो. आधी उत्तर देऊन टाकतो. उशीखाली नको, फ्रीजमध्ये नको, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नको. चावी बंद करून ठेवायची सोय गाडीत असेल तर ती वापरा. नसेल तर सिग्नल अडवणारं पाऊच घ्या, ते स्वतः तपासा आणि दार-खिडकीपासून लांब, नजरेआड ठेवा. जादा चावीलाही हाच नियम. तिचा लोकांना हमखास विसर पडतो. चावी लपवणं वेगळं आणि चावी गप्प करणं वेगळं. शेजाऱ्यांची चावी बहुधा नीट लपवलेली होती, पण गप्प केलेली नव्हती.

त्याआधी आपल्याकडे नेमकी कोणती चावी आहे ते बघा, कारण निम्मे लोक इथेच गोंधळतात. चावी खिशात ठेवा, तिच्या एकाही बटणाला हात लावू नका आणि दाराचं हँडल ओढा किंवा हँडलवरचं छोटं बटण दाबा. दार उघडलं तर गाडी कीलेस आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. रिमोटचं बटण दाबल्याशिवाय दार उघडत नसेल आणि इंजिन चावी खोचून फिरवल्यावर चालू होत असेल, तर ती चावी बटण दाबेपर्यंत गप्पच असते. तिला पाऊचची गरज नाही. तिच्यासाठी पाऊच घेतलेले लोक मी पाहिले आहेत. त्यात तोटा काही नाही, पण उपयोगही नाही. मधला एक प्रकारही असतो: दार रिमोटच्या बटणाने उघडतं, पण इंजिन मात्र पुश स्टार्टने चालू होतं. तिथे दार चोराला दुसऱ्या मार्गाने उघडावं लागतं, पण पुढे इंजिनाची अडचण कीलेस गाडीसारखीच.

कीलेस चावी सतत कान देऊन असते. तुम्ही हँडलला हात लावलात की गाडी एक क्षीण हाक मारते. ही हाक साधारण १२५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे फार खालच्या फ्रिक्वेन्सीवर असते आणि मुद्दामच एक-दोन मीटरच्या पुढे पोचू नये अशी ठेवलेली असते. चावीने ती ऐकली की ती जागी होते आणि ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर सांकेतिक उत्तर पाठवते. हे उत्तर मात्र सहज काही दहा मीटर जातं. चावीने माझी हाक ऐकली, म्हणजे ती माझ्याजवळच असणार, असं गाडी गृहीत धरते. अंतर ती मोजत नाही, अंदाजाने ठरवते. चोर नेमका या अंदाजाचा फायदा घेतो.

चोर दोघे असतात. एक गाडीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या भिंतीलगत किंवा दारापाशी तारेची मोठी वेटोळी हातात किंवा पिशवीत घेऊन फिरतो. पहिला हँडलला हात लावतो, गाडीची हाक त्याच्या यंत्रातून दुसऱ्याकडे जाते आणि त्याच्या वेटोळ्यातून भिंतीपलीकडे, घरात पडलेल्या चावीपर्यंत पोचते. चावी प्रामाणिकपणे उत्तर देते. अबोला धरलेल्या दोघांमध्ये निरोप्याने इकडचं तिकडे करावं तसा हा प्रकार. निरोप्याला निरोपाचा अर्थ कळायची गरज नसते. म्हणूनच ‘आमच्या गाडीचा कोड फार भक्कम आहे, दर वेळी बदलतो’ या बोलण्याला इथे काही अर्थ उरत नाही. कोड कुणी फोडतच नाही. तो आहे तसा, अस्सल, फक्त लांबून आणलेला असतो.

हे आजकालचं नाही. झ्युरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ८ कंपन्यांच्या १० मॉडेलवर असा ‘रिले’, म्हणजे हाक आणि उत्तर लांबवर पोचवण्याचा प्रकार, करून दाखवला आणि दहाही मॉडेल त्याला बळी पडली. तेव्हा ती प्रयोगशाळेतली गोष्ट वाटली. २०१७ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी एका घरासमोरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण प्रसिद्ध केलं. दोन माणसं येतात, एक घराच्या भिंतीलगत यंत्र फिरवतो, दुसरा गाडीपाशी थांबतो आणि मिनिटभरात गाडी निघून जाते. ना घाई, ना आवाज. शेजारच्या खिडकीतून कुणी पाहिलं असतं तरी त्याला घरातलंच कुणीतरी गाडी काढतंय असं वाटलं असतं.

इथे लोक हमखास विचारतात, गाडी चावीपासून लांब गेल्यावर बंद का पडत नाही? तर ती मुद्दामच बंद पडू दिलेली नसते. चालत्या गाडीत चावीचा सेल संपला किंवा चावी कुणाच्या खिशातून उतरून गेली म्हणून भर रस्त्यात इंजिन बंद पडलं, तर ते चोरीपेक्षा भयंकर. त्यामुळे गाडी चावी सापडत नसल्याची सूचना देत राहते, पण चालत राहते. चोर इंजिन बंद न करता ठरलेल्या जागी पोचतो आणि तिथे निवांत नवी चावी शिकवतो, म्हणजे गाडीत तिची नोंद करतो.

आता घरातल्या जागेकडे येऊ. भिंत या हाकेला अडवत नाही. विटा, लाकूड, काच यांतून इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र आरपार जातं. पण अंतर तिला मारतं, आणि जबरदस्त मारतं. जवळच्या टप्प्यात हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. अंतर दुप्पट केलं की ताकद एक अष्टमांश उरते. म्हणून दाराशेजारच्या खुंटीवरची चावी घराच्या मधल्या भागात नेली, बाहेरच्या कुठल्याही भिंतीपासून चार-पाच मीटर लांब, तर चोराचं काम खरोखर अवघड होतं. अवघड होतं म्हणतो, अशक्य नाही. मोठं वेटोळं आणि जास्त ताकद लावली की पल्ला वाढतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. गाडी खाली असली तरी चोराचा जोडीदार जिना चढून तुमच्या दाराबाहेर येऊ शकतो, आणि तिथून आतली खुंटी हातभर अंतरावर असते.

म्हणून पाऊच. मायकेल फॅरेडेने १८३६ मध्ये धातूच्या पत्र्याने मढवलेली खोली उभारून दाखवून दिलं की बाहेरचं विद्युत क्षेत्र अशा कोंडाळ्याच्या आत शिरत नाही. पाऊचचं कापडही तांबं, निकेल किंवा चांदीचा मुलामा दिलेलं असतं. त्यातून गाडीची हाक आत गेली नाही किंवा आत जाऊनही चावीचं उत्तर बाहेर पडलं नाही, तरी काम झालं. दोन्हींपैकी एक वाट बंद झाली की पुरे.

पाऊचच्या पाकिटावर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका. घेतल्या दिवशी तपासा, आणि ते असं: दुसरी चावी घरात ठेवा. हे मुद्दाम सांगतो, कारण पाऊच निकामी निघाल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या बायकोच्या पर्समध्ये दुसरी चावी असते आणि ती शेजारीच उभी असते. मग गाडी लॉक करा, चावी पाऊचमध्ये घालून झडप पूर्ण दुमडून बंद करा. पाऊच हातात धरून हँडलच्या अगदी जवळ न्या आणि हँडल ओढा. दार उघडता कामा नये. पाऊच उलटं धरून पुन्हा करा, झडपेची बाजू दाराकडे करून पुन्हा करा. शेवटी पाऊचमधूनच चावीचं अनलॉकचं बटण चाचपून दाबा. या सगळ्याला गाडीने दाद दिली नाही तरच पाऊच पास. बऱ्याच पाऊचना दोन कप्पे असतात, त्यातला आतलाच कप्पा सिग्नल अडवतो. बाहेरचा कार्डं ठेवायला असतो. चावी घाईत बाहेरच्या कप्प्यात जाते आणि माणूस निश्चिंत झोपतो.

हे कापड टिकत नाही, हेही लक्षात घ्या. रोज दुमडून दुमडून घडीच्या रेषेवर मुलामा भेगाळतो. बाहेरून पाऊच नवंकोरं दिसतं, पण आत चाळणी झालेली असते. महिन्या-दोन महिन्यांनी वरची तपासणी पुन्हा करा. दोन मिनिटांचं काम आहे. चावी आत घालताना तिच्याबरोबर घराच्या चाव्यांचा जुडगा कोंबू नका, टोकं कापडाला घासतात.

डब्यांचं म्हणाल तर झाकणाचा स्टीलचा डबा कधी चालतो, कधी नाही. पत्रा चांगलाच असतो; घोटाळा झाकणाच्या सांध्यात होतो. काठावर रंग किंवा गंज असला की धातूला धातू टेकत नाही आणि त्या फटीतून चावीचं उत्तर बाहेर निसटतं. घट्ट बसणारा, काठाला रंग नसलेला डबा असेल तर त्याचीही पाऊचसारखीच परीक्षा घ्या आणि पास झाला तर खुशाल वापरा, त्यात कमीपणा नाही. अॅल्युमिनियमची फॉइल दोन-तीन घड्या करून नीट गुंडाळली तर एखाद्या रात्रीपुरती भागवते, पण फाटते लवकर.

फ्रीजला माझा ठाम नकार. दाराच्या रबरी पट्टीमुळे तो सिग्नलच्या दृष्टीने बंद नसतोच, शिवाय थंड चावी बाहेर काढली की आतल्या सर्किटवर दव धरतं, आणि सेलही थंडीने मलूल होतो. मायक्रोवेव्हचा सल्ला कुणी दिला असेल तर विसरा. त्याचं दार २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवण्यासाठी बनवलेलं असतं. चावीच्या फ्रिक्वेन्सीवर ते अडवेलच असं नाही. आणि घरातल्या दुसऱ्या कुणी सकाळी न बघता बटण दाबलं तर लिथियमच्या सेलसकट चावी पेट घेऊ शकते. गाडी वाचवताना स्वयंपाकघर पेटवण्यात अर्थ नाही.

खरं तर या सगळ्यापेक्षा सोपी गोष्ट बऱ्याच गाड्यांत आधीपासून असते आणि मालकाला तिचा पत्ता नसतो. काही कंपन्यांच्या नव्या चाव्यांमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. चावी काही मिनिटं स्थिर पडली की ती आपोआप झोपते आणि हाकेला ओ देत नाही. काही चाव्या बटणांचा ठरावीक क्रम दाबून झोपवता येतात, उदाहरणार्थ लॉकचं बटण दाबून धरायचं आणि अनलॉकचं दोनदा दाबायचं. चावीवरचा दिवा मिचकावून खूण देतो. काही गाड्यांत स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये जाऊन कीलेस प्रवेशच बंद करता येतो. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढा आणि चावीचं प्रकरण एकदा नीट वाचा. नाही सापडलं तर पुढच्या सर्व्हिसिंगला विचारा. माझं स्वतःचं मत विचाराल तर कीलेस प्रवेश कायमचा बंद करून टाकणं सगळ्यात चांगलं. बटण दाबून दार उघडायला काही फार कष्ट पडत नाहीत, आणि पाऊच रोज आठवणीने बंद करण्याची शिस्त घरातल्या सगळ्यांना लागेलच असं नाही. मात्र सेन्सरवाल्या चावीची एक खोड आहे: ती खिशात राहिली किंवा पलंगावर पडून कुशी बदलताना हलली, तर झोपत नाही. ती टणक, स्थिर जागीच ठेवावी.

जादा चावीसाठी पाऊचऐवजी मी आणखी एक उपाय सांगतो. तिचा सेल काढून ठेवा. कीलेस चावी उघडलीत तर आत तीन गोष्टी दिसतील: नाण्याएवढा गोल सेल, बहुतेक वेळा सीआर२०३२, सर्किटवर तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असलेला एक काळा चौकोनी ठोकळा, जो गाडीची हाक ऐकतो, आणि कडेला सरकवून निघणारं धातूचं छोटं पातं. सेल काढला की चावी मुकी होते, पण निकामी होत नाही. पातं काढून चालकाच्या दाराच्या कुलपात फिरवलं की दार उघडतं. ते कुलूप काही गाड्यांत हँडलच्या टोकाच्या टोपणाखाली दडलेलं असतं. मग चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा पुस्तकात दाखवलेल्या खाचेत ठेवून इंजिन चालू होतं, कारण चावीतल्या इमोबिलायझरच्या चिपला लागणारी वीज एवढ्या जवळून गाडीच पुरवते. पात्याने दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजतो. इंजिन चालू झालं की थांबतो. हे सगळं एखाद्या सुट्टीच्या दिवशी उजेडात करून पाहा. मुख्य चावीचा सेल ऐन वेळी संपला की नेमकं हेच करावं लागतं, आणि तेव्हा टोपण शोधत बसायची वेळ येऊ नये. काढलेला सेल चावीबरोबरच एका पुडीत ठेवा.

इतकं झालं रेडिओचं. पण प्रत्येक चोर यंत्र घेऊन येत नाही. काहींना चावीच हवी असते, आणि गाडी जितकी चोरायला कठीण, तितकी चावीची गरज जास्त. घरफोडी करून दुसरं काही न घेता फक्त चावी नेणं हा प्रकार पोलिसांना चांगला ठाऊक आहे. त्यासाठी आत शिरावं लागतंच असंही नाही. दाराच्या फटीतून किंवा उघड्या खिडकीच्या गजांतून आकडा किंवा लोहचुंबक लावलेली काठी आत घालून टेबलावरचा जुडगा उचलता येतो. दाराजवळची खुंटी, चप्पल काढताना चावी टाकायचा वाडगा, खिडकीखालचं टेबल, बाहेरच्या खोलीत सोफ्यावर टाकलेली पर्स या जागा चोराला तोंडपाठ असतात. एकदा स्वतःच्या दाराबाहेर उभं राहून दार नेहमीइतकंच उघडा आणि निरोप घेऊन आलेल्या अनोळखी माणसाच्या नजरेने आत बघा. चावी दिसली तर जागा बदला. आतल्या खोलीतला झाकलेला खण पुरेसा आहे. तिथे पाऊचही राहतं आणि घरातल्या इतरांनाही ठाऊक असतं.

मग उशीखाली का नको? चावीसाठी आलेला माणूस चावी मिळेपर्यंत शोधतो. ती उशाशी असेल तर तो तुमच्या उशाशी येईल. गाडी विम्यातून भरून निघते. म्हणून चावी झोपायच्या खोलीत नेऊ नका, आणि ती सापडूच नये इतकी हुशारीने लपवूही नका. धान्याच्या डब्यात, पुस्तकांच्या मागे असली लपवाछपवी केली की घरात शिरलेला चोर तुम्हालाच उठवून विचारतो. नजरेआड असावी, पण अट्टाहासाने लपवलेली नसावी. आणि कुणी समोर येऊन चावी मागितलीच तर देऊन टाका, हुज्जत घालू नका. खुंटीवर जुनी, निकामी चावी टांगून चोराला फसवायची कल्पनाही अधूनमधून ऐकायला मिळते. मला ती पसंत नाही. फसलेला माणूस चिडून परत आला तर?

जुडग्याचंही बघा. गाडीची चावी, घराची चावी आणि गेटचा रिमोट एकाच कडीत असतील तर एक वस्तू हरवली की सगळंच गेलं. गाडी धुवायला, पार्किंगवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये देताना घराची चावी तिच्याबरोबर जाते, आणि गाडीच्या कप्प्यातल्या कागदांवर घराचा पत्ता असतो. दोन कड्या करा. चावीला नाव, फोन, गाडीचा नंबर अशी चिठ्ठी लावू नका. चावी सापडलेल्या भल्या माणसापेक्षा चोरालाच त्या चिठ्ठीचा उपयोग होईल. नवी गाडी घेतल्यावर चावी हातात धरून काढलेला फोटो सगळीकडे टाकायची हौस असते. निदान पातं झाकून काढा. २००८ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञांनी सुमारे ६० मीटरवरून काढलेल्या फोटोवरून चावीचे दात ओळखून दाखवले होते. त्यानंतर कॅमेरे कुठल्या कुठे गेले आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सगळ्यात दुर्लक्षित बाब म्हणजे चाव्यांची मोजदाद. वापरलेली गाडी घेताना विकणारा एक चावी देतो आणि दुसरी ‘हरवली असेल कुठेतरी’ म्हणतो. ती ‘कुठेतरी’ असलेली चावी आजही तुमची गाडी चालू करू शकते. बहुतेक गाड्यांत किती चाव्यांची नोंद आहे हे डायग्नोस्टिक यंत्राने वाचता येतं. हातात एक आणि नोंद तीनची, असं निघालं तर बाकीच्या नोंदी पुसून घ्या. पण इथे एक मेख आहे. नोंद पुसल्याने त्या चावीने इंजिन चालू होणार नाही. तिचं धातूचं पातं मात्र दार उघडतच राहतं. दार उघडलं की आत हात गेला, डॅशबोर्डखालचा ओबीडी पोर्ट (डायग्नोस्टिक यंत्र जोडायची जागा) हाताशी आला, आणि योग्य यंत्र असेल तर काही गाड्यांना तिथून नवी चावी शिकवता येते. म्हणून दाराच्या कुलपाचा सिलिंडरही (ज्यात चावी फिरते तो भाग) बदलला किंवा त्याच्या आतल्या पट्ट्या बदलून घेतल्या तरच काम पूर्ण होतं. चोरीचा दावा करताना विमा कंपन्या सहसा सगळ्या चाव्या मागतात, तेव्हाही ही मोजदाद उपयोगी पडते.

पाऊच घेतलं म्हणजे किल्ला झाला असं मात्र समजू नका. चावीला हातही न लावता होणाऱ्या चोऱ्या आहेत. २०२२ मध्ये लंडनमध्ये इयन टेबर या वाहन-सुरक्षा संशोधकाचीच गाडी गेली. त्याआधी त्याच्या गाडीच्या हेडलाइटजवळचा भाग उचकटून वायरी ओढलेल्या आढळल्या होत्या. तेव्हा ते कुणाचं तरी टवाळपण वाटलं. पुढे उलगडा झाला की चोर हेडलाइटच्या वायरींतून गाडीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये शिरतात आणि ‘चावी ओळखली’ असा खोटा संदेश सोडतात. असं एक यंत्र ब्लूटूथ स्पीकरच्या डब्यात दडवलेलं मिळालं. या चोरीपुढे चावी गप्प असो की बोलती, फरक पडत नाही. तुमच्या गाडीचा बंपर किंवा हेडलाइटचा कोपरा कारण नसताना सैल झालेला दिसला तर ती खोडी समजून सोडून देऊ नका.

त्यावर उपाय रेडिओचा नाही, लोखंडाचा आहे. बाहेरून ठळक दिसणारा स्टीअरिंग लॉक जुनाट वाटतो, पण ज्याने मिनिटभराचा हिशेब धरलाय त्याला कापत बसायला लावतो, आणि बऱ्याचदा तो पुढच्या गाडीकडे जातो. गाडीत पिन, म्हणजे गुप्त आकडा, टाकल्याशिवाय निघू न देण्याची सोय असेल तर ती चालू करा. रिले आणि खोटा संदेश, दोन्हींना ती आडवी येऊ शकते. वेगळा, लपवलेला इमोबिलायझर बसवणार असाल तर चांगल्या माणसाकडून बसवा. वायरी कुठेही कापून जोडणाऱ्याकडे गाडी देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

नव्या काही गाड्यांच्या चाव्यांत अल्ट्रावाइडबँड नावाचं रेडिओ तंत्र आलं आहे. त्यात गाडी उत्तर यायला लागलेला वेळ मोजते. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे उत्तर लांबून फिरवून आणलेलं असेल तर उशिरावरून पकडलं जातं. दिशा बरोबर आहे, पण गाडीत हे आहे एवढं ऐकून थांबू नका. दार आणि इंजिन दोन्हींसाठी अंतर तपासलं जातं का, ते विचारा. आणि फोनच चावी म्हणून वापरत असाल तर तो साध्या ब्लूटूथवर चालतो का तेही बघा. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने ब्लूटूथवर चालणारी फोन-चावी अशाच रिलेने फसवून टेस्लाची गाडी उघडून चालू करून दाखवली. फोन रोज पाऊचमध्ये ठेवणं कुणालाच जमणार नाही, तिथे पिनच कामाची.

शेवटी ज्या प्रसंगात लोक सगळ्यात जास्त गडबडतात तो: चावी चोरीला गेली, पण गाडी अजून दारात आहे. पर्स मारली गेली, जुडगा गेला, आणि पत्ता त्यात होता. अशा वेळी उद्या बघू म्हणून झोपू नका, चावी नेणारा बहुधा त्याच रात्री येतो. दुसऱ्या चावीने गाडी तिथून हलवा, शक्य तर नातेवाइकांच्या बंद आवारात. हलवता येत नसेल तर स्टीअरिंग लॉक लावा आणि गाडी अशी उभी करा की दुसरी गाडी काढल्याशिवाय ती निघणार नाही. बॅटरीची तार काढून ठेवली एवढ्यावर विसंबू नका; पात्याने दार उघडून, बॉनेट उचलून ती पुन्हा जोडायला किती वेळ लागतो? पोलिसांत तक्रार द्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा, वेळेची नोंद राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या सगळ्या चाव्या घेऊन सर्व्हिस सेंटर किंवा चावीवाल्याकडे जा. सगळ्या यासाठी, की बऱ्याच गाड्यांत नोंदी पुसताना सगळ्याच पुसल्या जातात आणि हातात असलेल्या चाव्या पुन्हा शिकवाव्या लागतात; घरी राहिलेली चावी नंतर चालणार नाही. दाराचा सिलिंडर त्याच वेळी बदलायला सांगा. जुडग्यात घराची चावी होती का? मग गाडीच्या आधी घराचं कुलूप बदला.